वनस्पतींच्या अर्काने मधुमेहाची गोळी बंद करता येते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचे वय साठीच्या आसपास, सहा वर्षांपासून टाइप २ मधुमेह. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, तरी या वेळी एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची साखर, ८.१ आली. कुणीतरी गुडमार, कारले, मेथी, जांभूळ आणि विजयसार यांच्या अर्कांच्या कॅप्सूल सुचवल्या आणि सोबत शोधनिबंधांची लांबलचक यादी पाठवली. त्या सुरू करून गोळ्या कमी करता येतील का? आणि एवढे संशोधन झालेले असताना डॉक्टर ही औषधे लिहून का देत नाहीत?

पहिल्याचे उत्तर लगेच देते: आईच्या गोळ्या तुम्ही स्वतः कमी करू नका, आणि ग्लिमेपिराइड चालू असताना या कॅप्सूल डॉक्टरांना न सांगता सुरूही करू नका. दुसरा प्रश्न मात्र माझ्या जिव्हाळ्याचा आहे. मी औषधशास्त्रातली. वनस्पतींचे अर्क काढणे, ते प्राण्यांवर तपासणे आणि पुढे मधुमेही रुग्णांवरच्या चाचण्यांचे आराखडे करणे यात माझी बरीच वर्षे गेली. वनस्पतींमध्ये मधुमेहावर उपयोगी पडणारी रसायने आहेत याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. बाटलीतल्या कॅप्सूलमध्ये त्यांपैकी काय उतरले आहे, किती उतरले आहे आणि ते आईच्या रक्तापर्यंत पोहोचेल का, हे मात्र दर वेळी विचारावे लागते.

आई रोज घेते ती मेटफॉर्मिनच बघा. तिचे मूळ गॅलेगा ऑफिसिनॅलिस या जांभळट फुलांच्या शेंगवर्गीय वनस्पतीत आहे. मध्ययुगीन युरोपात ती बऱ्याच दुखण्यांवर वापरत. मेंढ्यांनी ती जास्त खाल्ली तर त्या दगावतात, हेही पुढे लक्षात आले. तिच्यात ग्वानिडीन वर्गातली रसायने सापडली, त्यांतले मुख्य गॅलेगिन. ग्वानिडीनने प्राण्यांची रक्तातली साखर उतरते हे १९१८ मध्ये दिसले, आणि १९२० च्या दशकात गॅलेगिन रुग्णांना देऊनही पाहिले गेले. साखर उतरली, पण गुण देणारी मात्रा आणि अपाय करणारी मात्रा यांत अंतर फारच थोडे होते. त्याच धर्तीवर बनवलेले सिंथॅलिन काही वर्षे वापरात होते, पण ते यकृताला सोसवेना. तोवर इन्सुलिन हाती आले होते, त्यामुळे हा सगळा शोध मागे पडला.

मेटफॉर्मिनचा रेणू १९२२ मध्येच प्रयोगशाळेत तयार झाला होता. फ्रेंच डॉक्टर झाँ स्टर्न यांनी तो मधुमेहींना देऊन निष्कर्ष छापले ते १९५७ मध्ये. त्याच घराण्यातले फेनफॉर्मिन अधिक जोरकस होते, पण त्याने रक्तात लॅक्टिक आम्ल साचून रुग्ण दगावू लागले आणि १९७० च्या दशकात बहुतेक देशांनी ते बंद केले. मेटफॉर्मिनलाही त्या संशयाची झळ बसली. अमेरिकेने त्याला परवानगी दिली ती १९९४ च्या अखेरीस. १९९८ मध्ये ब्रिटनच्या यूकेपीडीएस या दीर्घ अभ्यासात वजन जास्त असलेल्या मधुमेहींमध्ये मेटफॉर्मिनमुळे हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू कमी झाल्याचे दिसले, आणि मग हे औषध पहिल्या पसंतीचे ठरले.

हा प्रवास मी मुद्दाम खुलासेवार सांगितला. गॅलेगाने साखर उतरते हे सुरुवातीलाच कळले होते. त्यानंतरची सगळी वर्षे गेली ती कोणता रेणू, किती मिलिग्रॅम, कोणत्या रुग्णाला, मूत्रपिंड किती काम करत असेल तर, या प्रश्नांची उत्तरे मिळवण्यात. आज डॉक्टर आईचे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी, पाहून मेटफॉर्मिनची मात्रा ठरवतात, त्यामागे हीच मेहनत आहे. गुडमार किंवा विजयसारच्या बाबतीत त्यातला बराचसा टप्पा अजून चालायचा आहे.

दुसरे उदाहरण माझ्या विशेष आवडीचे आहे. १८३५ मध्ये युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनी सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचा कडू पदार्थ वेगळा केला. तो ताप उतरवेल अशी त्यांची अटकळ होती. १८८६ च्या सुमारास योसेफ फॉन मेरिंग यांना दिसले की फ्लोरिझिन दिले की लघवीतून साखर जाऊ लागते. मूत्रपिंड रक्त गाळताना साखरही गाळते आणि मग ती जवळजवळ सगळी परत ओढून घेते. परत ओढण्याचे हे काम करणारी प्रथिने फ्लोरिझिन अडवून धरते. मग तेव्हाच औषध का झाले नाही? कारण पोटातून घेतले तर ते आतड्यातच मोडते, रक्तात फारसे पोहोचत नाही. शिवाय मूत्रपिंडातले एसजीएलटी२ आणि आतड्यातले एसजीएलटी१ अशी दोन्ही प्रथिने ते अडवते, म्हणून जुलाब होतात. शंभरहून अधिक वर्षे ते प्रयोगशाळेतले साधन म्हणूनच राहिले. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या सांगाड्यात असा बदल केला की आतड्यातली विकरे (एन्झाइम) तो मोडू शकणार नाहीत आणि तो मुख्यतः एसजीएलटी२ वरच बसेल. त्यातून डापाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन आली. २०१२ पासून ही औषधे वापरात आहेत आणि हृदय निकामी होणे व मूत्रपिंडाचा आजार यांतही ती मोलाची ठरली आहेत. सफरचंदाच्या सालीचा काढा पिऊन हे कधीच घडले नसते.

तिसरे उदाहरण सदाफुलीचे. तिची पाने साखरेवर चघळायला सांगणारे अजूनही भेटतात, म्हणून हे सांगणे भाग आहे. १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी सदाफुली नेमकी मधुमेहासाठीच तपासायला घेतली होती, कारण जमैकात तिच्या पानांचा चहा त्यासाठी पीत. उंदरांना तोंडाने दिले तर साखरेवर काही परिणाम दिसला नाही. अर्क टोचला तेव्हा उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले, कारण त्यांच्या पांढऱ्या पेशी कोसळल्या होत्या. या निरीक्षणातून व्हिनब्लास्टिन मिळाले, पाठोपाठ व्हिनक्रिस्टिन आले, आणि रक्ताच्या कर्करोगाने मरणारी असंख्य मुले त्यामुळे वाचली. माझ्या विषयातली ही एक फार मोठी गोष्ट आहे. पण ज्या पानांत पेशींचे विभाजन थांबवणारी अशी रसायने आहेत ती मधुमेहासाठी रोज सकाळी चघळू नयेत, हे त्यातून सरळ निघते.

आता तुमच्या कॅप्सूलकडे येते. 'अर्क' म्हणजे वनस्पती कोणत्या तरी द्रावकात भिजवून किंवा उकळून, गाळून, आटवून जे उरते ते. पाण्यात काढलेला अर्क आणि अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क ही जवळजवळ दोन वेगळी औषधे असतात. पाण्यात साखरा, टॅनिन, काही ग्लायकोसाइड उतरतात. अल्कोहोलमध्ये अल्कलॉइड, स्टेरॉइडसारखे पदार्थ, मेदात विरघळणारे घटक जास्त येतात. पान, बी, साल, फळ बदलले की मजकूर बदलतो. जमीन, ऋतू, तोडणीची वेळ, वाळवण्याची रीत यांनीही बदलतो. एकाच जातीच्या दोन खेपांत मुख्य घटकाचे प्रमाण दुपटी-तिपटीने वेगळे निघालेले मी कितीदा पाहिले आहे. म्हणून आमच्याकडे अर्क 'प्रमाणित' करतात: त्यातल्या एखाद्या ओळखीच्या घटकाचे प्रमाण एचपीएलसी या मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर मोजतात आणि प्रत्येक खेपेत ते तेवढेच ठेवतात. कॅप्सूलच्या डब्यावर '१०:१ अर्क' एवढेच लिहिले असेल, तर दहा किलो कच्च्या मालातून एक किलो अर्क काढला इतकेच कळते. आत काय आहे ते कळत नाही.

शोधनिबंधांच्या यादीचे म्हणाल, तर १९८९ च्या एका आढाव्यातच मधुमेहावर वापरल्या जाणाऱ्या ४०० हून अधिक वनस्पतींची नोंद होती. त्यानंतर हजारो निबंध आले. ते बहुतेक दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार परीक्षानळीतला: अर्काने अल्फा-ग्लुकोसिडेज हे पिष्टाची साखर करणारे विकर किती रोखले? पण टॅनिन असलेला जवळजवळ कोणताही अर्क हे करून दाखवतो, कारण टॅनिन प्रथिनांना सरसकट चिकटतात. पोटात गेल्यावर ते अन्नातल्या प्रथिनांनाही तसेच चिकटतात.

दुसरा प्रकार उंदरांचा. स्ट्रेप्टोझोटोसिन हे विष टोचून उंदराच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारतात आणि मग तीन-चार आठवडे अर्क देतात. इथे दोन गोष्टी बारकाईने पाहा. अर्क विषाच्या आधीपासून किंवा विषासोबत दिला असेल, तर त्याने पेशींना त्या विषापासून वाचवले इतकेच सिद्ध होते. आईच्या बीटा पेशींना स्ट्रेप्टोझोटोसिनने मारलेले नाही. टाइप २ मध्ये मुख्य अडचण असते ती स्नायू आणि यकृत इन्सुलिनला दाद देत नाहीत ही, आणि बीटा पेशी हळूहळू थकत जातात.

दुसरी गोष्ट मात्रेची, आणि ती आकडे मांडून बघण्यासारखी आहे. निबंधात हमखास दिसणारी मात्रा घ्या: उंदराच्या वजनाच्या दर किलोला ४०० मिलिग्रॅम अर्क. प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदरावरून माणसाची मात्रा काढताना या आकड्याला साधारण ६.२ ने भागतात. म्हणजे किलोला सुमारे ६५ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला रोज जवळपास ३.९ ग्रॅम अर्क. वाळलेल्या पानांतून दहा टक्के अर्क निघतो असे धरले, तर त्यासाठी ३९ ग्रॅम वाळलेली पाने लागतील, ताजी तोलली तर दीडशे ग्रॅमच्या आसपास. कॅप्सूलमध्ये पाच वनस्पती मिळून ५०० मिलिग्रॅम असतील, तर प्रत्येकीच्या वाट्याला १०० मिलिग्रॅम येतात. उंदरावरच्या निबंधाइतकी एका वनस्पतीची मात्रा गाठायला तशा जवळपास ३९ कॅप्सूल रोज घ्याव्या लागतील. यादीतले निबंध खरे असले तरी ते तुमच्या हातातल्या कॅप्सूलबद्दल नाहीत. त्या यादीतून माणसांवरच्या, दोन गट करून तुलना केलेल्या चाचण्या वेगळ्या काढा. यादी किती आखूड होते ते लगेच दिसेल.

त्या माणसांवरच्या चाचण्यांतून काय हाती लागले ते आता सांगते.

मेथीदाण्यांबद्दल मला सर्वांत जास्त भरवसा वाटतो, आणि त्याचे कारण साधे आहे. दाण्याच्या वजनातला जवळजवळ निम्मा भाग तंतू असतो. त्यातले गॅलॅक्टोमॅनन पाण्यात फुगून बुळबुळीत होते, जठर सावकाश रिकामे होते आणि साखर रक्तात हळूहळू शिरते. जेवणानंतरची साखर त्यामुळे उतरते. पण ज्या चाचण्यांत हा परिणाम दिसला त्यांत दाण्यांची पूड दिवसाला दहा ग्रॅमपासून थेट शंभर ग्रॅमपर्यंत दिली होती. मेथीचा 'अर्क' काढताना तंतू गाळणीवरच राहतो! दाण्यात ४-हायड्रॉक्सीआयसोल्युसीन नावाचे अमिनो आम्लही आहे आणि ते प्रयोगशाळेत इन्सुलिन स्रवायला मदत करते, पण अर्कातल्या तेवढ्या अंशाने रुग्णाला किती फरक पडतो हे पुरेसे सिद्ध झालेले नाही. तेव्हा मेथी घ्यायची तर पूडच घ्यावी, इतर गोळ्या तिच्या एक-दोन तास आधी घ्याव्यात, कारण तो बुळबुळीत थर गोळ्यांचे शोषणही लांबवतो, आणि वॉरफॅरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

कारल्याबद्दल लोक सर्वाधिक विचारतात. त्यात चॅरंटिन आहे, कुकुर्बिटेन वर्गातली कडू ट्रायटर्पिनॉइड आहेत आणि पॉलिपेप्टाइड-पी नावाचे इन्सुलिनसारखे प्रथिन आहे. 'वनस्पतीतले इन्सुलिन' म्हणून या शेवटच्या घटकाची जाहिरात होते. ज्या मोजक्या रुग्णांवर त्याचा परिणाम पाहिला त्यांना ते त्वचेखाली टोचले होते. तोंडाने घेतलेले प्रथिन जठरात पचून जाते, इन्सुलिन गोळीने देता येत नाही त्यातले एक मोठे कारण हेच. २०११ मध्ये थायलंडमधल्या चाचणीत वाळलेल्या कारल्याची पूड चार आठवडे देऊन मेटफॉर्मिनशी तुलना केली. दिवसाला २,००० मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या फ्रुक्टोसामाइनमध्ये, म्हणजे दोन-तीन आठवड्यांच्या सरासरी साखरेच्या मोजमापात, घट झाली, पण १,००० मिलिग्रॅम मेटफॉर्मिनइतकी नाही. त्याहून कमी मात्रांनी नजरेत भरेल असा फरक पडला नाही. कॉक्रेन ही संस्था सगळ्या चाचण्या एकत्र तपासून आढावे काढते. तिच्या २०१२ च्या आढाव्यात चार चाचण्यांतले ४७९ रुग्ण धरले होते आणि शिफारस करण्याजोगा पुरावा मिळाला नाही. म्हणजे कारल्यात काही तरी आहे, पण क्षीण आहे. बियांत व्हायसीन असते. जी६पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात. गर्भवतींनी कारल्याचा अर्क टाळावा. लहान मुलांना तर तो मुळीच देऊ नये, साखर घसरून मुले बेशुद्ध पडल्याच्या नोंदी आहेत.

गुडमारचे पान चघळले की साखर वाळूसारखी लागते, कारण त्यातली जिम्नेमिक आम्ले जिभेवरचे गोड चव ओळखणारे ग्राही अडवतात. गोड खाण्याची ओढ कमी करायला याचा उपयोग होऊ शकेल असे मला वाटते. रक्तातल्या साखरेबद्दल ज्या अभ्यासाचा दाखला सगळे देतात तो १९९० चा आहे: २२ टाइप २ रुग्ण, दिवसाला ४०० मिलिग्रॅम प्रमाणित अर्क, दीड वर्षाहून जास्त काळ, सोबत नेहमीच्या गोळ्या. निष्कर्ष आशादायक होते, पण रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केलेली नव्हती आणि कोण काय घेतो हे सगळ्यांना माहीत होते. अभ्यासात नाव घातले की माणूस जेवण सांभाळू लागतो, चालू लागतो, गोळ्या वेळेवर घेऊ लागतो. तुलनेचा गट नसेल तर या सगळ्याचे श्रेय पानाला जाते. विजयसार म्हणजे बिबळा, त्याच्या गाभ्याच्या लाकडाबाबतही तेच. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या १९९८ च्या बहुकेंद्री चाचणीत ९७ नव्या रुग्णांपैकी सुमारे ६९ टक्क्यांची साखर बारा आठवड्यांत आटोक्यात आली, पण तीही खुली चाचणी होती. विजयसारवर अजून काम व्हायला हवे असे मला मनापासून वाटते.

जांभळाबद्दल थोडक्यात: ब्राझीलमध्ये पानांच्या चहाची ग्लायबेनक्लामाइड या साखर उतरवणाऱ्या गोळीशी काटेकोर तुलना केली तेव्हा गोळीने साखर उतरली, चहाने नाही. बियांवरचे काम बरेचसे प्राण्यांवरचे आहे. दालचिनीची हवा झाली ती २००३ च्या ६० रुग्णांच्या अभ्यासाने. २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात दहा चाचण्या आणि ५७७ रुग्ण एकत्र केले तेव्हा ती शिफारस टिकली नाही. शिवाय कॅसिया दालचिनीत कुमारिन असते, ते जास्त प्रमाणात यकृताला त्रास देते.

तुमच्या यादीत नसलेला पण खरा दमदार घटक म्हणजे बर्बेरीन, दारुहळदीच्या मुळातले पिवळे अल्कलॉइड. हा अर्कही म्हणता येणार नाही, हा जवळजवळ शुद्ध रेणू म्हणून मिळतो. २००८ मध्ये चीनमधल्या छोट्या चाचणीत ३६ नव्या रुग्णांना ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा बर्बेरीन किंवा तेवढीच मेटफॉर्मिन दिली. तीन महिन्यांत बर्बेरीन गटाची एचबीए१सी सुमारे ९.५ वरून ७.५ वर आली, मेटफॉर्मिनच्या बरोबरीने. सुमारे एक तृतीयांश रुग्णांना जुलाब, बद्धकोष्ठ, पोटफुगी असा पोटाचा त्रास झाला. त्यानंतरही बऱ्याच चाचण्या झाल्या, पण हृदय, मूत्रपिंड, डोळे यांवर वर्षानुवर्षे काय परिणाम होतो हे सांगणारी मोठी चाचणी नाही. आणि जे खरोखर काम करते ते अडचणही खरीच करते: बर्बेरीन यकृतातली औषधे मोडणारी सीवायपी३ए४, सीवायपी२डी६ आणि सीवायपी२सी९ ही विकरे मंदावते. आईची ग्लिमेपिराइड मोडते ती सीवायपी२सी९ कडूनच. म्हणजे गोळी तीच राहिली तरी रक्तातले तिचे प्रमाण वाढू शकते आणि पहाटे साखर ५० च्या खाली जाऊ शकते. गर्भवती, स्तनदा माता आणि नवजात बाळांसाठी बर्बेरीन वर्ज्यच आहे, बाळात ते बिलिरुबिन, म्हणजे कावीळ करणारे पिवळे द्रव्य, मेंदूपर्यंत पोहोचवू शकते.

हे सगळे पाहता अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या मार्गदर्शक तत्त्वांत साखर उतरवण्यासाठी वनस्पतीजन्य पूरकांची शिफारस नाही, याचे मला आश्चर्य वाटत नाही. त्यात कुणाचा आकस नाही. हृदयविकार आणि मृत्यू कमी झाल्याचा पुरावा असलेली औषधे हाताशी असताना, डॉक्टर बारा आठवड्यांच्या छोट्या चाचणीवर विसंबू शकत नाहीत. मोठी चाचणी करायला पैसा लागतो, आणि ज्या पानावर पेटंट मिळणार नाही त्यात तो घालायला कंपन्या तयार नसतात. हे काम सार्वजनिक पैशातून व्हायला हवे, ही माझी जुनी मागणी आहे.

एक धोका मात्र वनस्पतीचा नाही, बाटलीचा आहे. 'पूर्ण नैसर्गिक' म्हणून घेतलेल्या कॅप्सूलने चार दिवसांत साखर दोनशेवरून शंभरवर आली, असे कुणी सांगितले की माझा पहिला संशय जातो तो आत मिसळलेल्या गोळीवर. वनस्पतीचा अर्क इतक्या झपाट्याने क्वचितच काम करतो, ग्लायबेनक्लामाइड मात्र करते. २००८ च्या पहिल्या पाच महिन्यांत सिंगापूरमध्ये मधुमेह नसलेली १५० माणसे साखर एकाएकी घसरल्याने रुग्णालयात आली, चौघे दगावले. कारण निघाले ते कामोत्तेजक म्हणून विकलेल्या गोळ्यांत मिसळलेले ग्लायबेनक्लामाइड. जड धातूंचा प्रश्न वेगळाच. २००४ मध्ये अमेरिकेत ७० आयुर्वेदिक उत्पादने तपासली तेव्हा १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. म्हणून खेप क्रमांक, जड धातूंच्या तपासणीचा दाखला आणि मुख्य घटकाचे टक्के प्रमाण मागा. विक्रेता ते देऊ शकत नसेल तर विषय तिथेच संपवा.

आता तुमच्या आईबद्दल. ८.१ ही साखर घाबरण्यासारखी नाही, पण सहा महिने कॅप्सूलची वाट पाहण्याइतकी निवांतही नाही. आधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. मेटफॉर्मिनची मात्रा पुरेशी आहे का? दोन गोळ्यांवरही ८.१ येत असेल तर तिसरे औषध, कदाचित ते सफरचंदाच्या सालीच्या वंशातलेच, जोडायची वेळ आली आहे का? आणि हिमोग्लोबिन कमी आहे का, कारण रक्तक्षयात एचबीए१सी फसवी येऊ शकते. गोळ्या चुकतात का, आणि कधीपासून चुकतात, हे तुम्हीच घरी हळुवारपणे बघा. साखर वाढण्याचे ते फार मोठे आणि फार वेळा न बोलले जाणारे कारण आहे.

इतके करूनही आईला वनस्पतीचे काही घ्यावेसे वाटत असेल, तर मी तिला अडवणार नाही. पण पाच वनस्पतींच्या मिश्रणाऐवजी एकच निवडा, नाहीतर गुण आला तरी कशाने आणि त्रास झाला तरी कशाने, काहीच कळणार नाही. सुरू करण्याआधी एचबीए१सी, क्रिएटिनिन आणि यकृताच्या तपासण्या करून घ्या. पहिले दोन आठवडे ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी, जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्री झोपताना साखर मोजून वहीत लिहा. हात थरथरणे, घाम, धडधड, एकदम भूक, बोलण्यात गोंधळ यांपैकी काहीही दिसले तर आधी साखर मोजा. ७० च्या खाली असेल तर लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. साखर खरेच उतरू लागली तर डॉक्टर बहुधा ग्लिमेपिराइड आधी कमी करतील, कारण साखर घसरण्याचा धोका तिचा आहे, मेटफॉर्मिनचा नाही. तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते, त्यामुळे एचबीए१सी बारा आठवड्यांनी पाहा, चार आठवड्यांनी पाहून काही हाती लागत नाही. बारा आठवड्यांत आकडा हलला नसेल तर कॅप्सूल बंद करा. शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधीच बंद करा आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना तसे सांगा.

ज्यांना टाइप १ मधुमेह आहे त्यांच्या बाबतीत मात्र यातले काहीच लागू नाही. त्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, आणि कोणत्याही अर्कासाठी इन्सुलिन थांबवले तर अवघ्या एक-दोन दिवसांत कीटोअ‍ॅसिडोसिस होऊन, म्हणजे रक्तात आम्ले साचून, जीव जाऊ शकतो.

कॅप्सूल चालू असताना भूक मेली, मळमळू लागले, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसू लागले, तर त्याच दिवशी त्या थांबवा आणि यकृताची तपासणी करून घ्या. बाटली फेकून देऊ नका, उरलेल्या कॅप्सूलसकट ती डॉक्टरांकडे घेऊन जा. आत नेमके काय होते हे शोधायला दुसरे काहीच हाताशी नसते.